ड्युरियनच्या मोसमातला गोलकीपर

जून लागला की सिंगापुरातल्या आमच्या सेम्बावांगच्या ब्लॉकखाली फळवाला ताडपत्री अंथरतो आणि तिच्यावर ड्युरियनचे ढीग रचतो. मग लिफ्टमध्ये, जिन्यात, खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेल्या कपड्यांत, सगळीकडे तो वास शिरतो. ज्यांना आवडतो त्यांना तो खव्याचा वाटतो. ज्यांना आवडत नाही त्यांना कुठेतरी गॅस गळतोय असं वाटतं. मी दापोलीची, फणसाच्या वासात वाढलेली. पण ड्युरियन म्हणजे फणसाचा असा चुलतभाऊ, जो लग्नाला आला की यजमानांच्या पोटात गोळा येतो. पहिली काही वर्षं मी त्या ढिगांजवळून नाकाला ओढणी लावूनच जायची.

आता तसं होत नाही. आता तो वास आला की मी जिन्यात थांबते. पाच वर्षांपूर्वीचा तो एक मोसम त्या वासाला चिकटून बसलाय, आणि त्या मोसमात आमच्या समोरच्या फ्लॅटचं दार दिवसभर उघडं असायचं.

त्या दारात आमा असायची. आमा आणि तिचा नवरा कोफी, दोघं घानाचे. कोफी इथल्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबचा गोलकीपर होता. ते राहायला आले तेव्हा पहिले काही आठवडे आम्ही फक्त हसायचो. कॉरिडॉरमध्ये जेवढं हसायचं असतं तेवढंच. मग एका दुपारी समोरून सुकट भाजल्याचा वास आला. खराखुरा सुकटीचा, तव्यावर लाल मिरचीबरोबर परतल्याचा. माझा नवरा समीर मरीन इंजिनिअर, बोटीवर होता. त्यामुळे घरात सुकट फक्त मीच खाणार, म्हणून कित्येक महिन्यांत केली नव्हती. मी चप्पल न घालताच समोर गेले. आमा मोठ्या कढईत काळसर चटणी ढवळत होती. वाळवलेले मासे, जवळा, आलं, मिरची, भरपूर तेल. तिने काही न विचारता भाताचा घास चटणीत बुडवून माझ्या हातावर ठेवला. मी तिथेच उभ्या उभ्या खाल्ला आणि डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं तिखट लागलं. तिखट लागलंही होतं, पण पाणी त्याचं नव्हतं.

त्या दिवसापासून दोन दारं उघडी राहायला लागली. मी दाण्याची आमटी नेऊन दिली, तर ती पोट धरून हसत सुटली. त्यांच्याकडेही शेंगदाण्याचं सार करतात, फक्त त्यात कोंबडी घालतात. तिने मला तिच्या घरची नावं ठेवण्याची रीत सांगितली. मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. कोफी शुक्रवारचा, आमा शनिवारची. माझी मुलगी इरा तेव्हा दहा वर्षांची. ती बुधवारची निघाली, म्हणून कोफीने तिला लगेच अकुआ म्हणायला सुरुवात केली. इराला आमच्यापैकी कोणीच इतकं लवकर जिंकून घेतलं नव्हतं.

खालच्या कॉफी शॉपमध्ये मात्र त्याच्या नावाचं वेगळंच झालं. इथे कॉफीला कोपी म्हणतात, आणि दूध न घातलेल्या काळ्या कॉफीला कोपी-ओ. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या अंकलनी कोफीला पहिल्याच दिवशी हाक मारली, "हे, कोपी-ओ!" आजूबाजूची टेबलं हसली. कोफीही हसला. हात वर करून त्याने सलामसुद्धा केला. आमा हसली नाही. वर येताना लिफ्टमध्ये ती मला म्हणाली, "तो सगळीकडे आधी स्वतः हसतो. म्हणजे मग लोकांना घाबरायला वेळ मिळत नाही."  सहा फुटांच्या वरचा तो माणूस लिफ्टमध्ये कोणी बाई असेल तर पुढच्या लिफ्टने यायचा, हे मला त्यानंतर दिसायला लागलं.

संध्याकाळी तो व्हॉइड डेक म्हणजे ब्लॉकखालच्या मोकळ्या तळमजल्याजवळच्या गवतावर इराला शिकवायचा. इराला गोलकीपर व्हायचं होतं, कारण गोलकीपरला बॉलला हात लावता येतो, असं तिचं शास्त्र होतं. "बॉलकडे नको बघूस अकुआ, मारणाऱ्याच्या कमरेकडे बघ. कंबर खोटं बोलत नाही," तो सांगायचा. ती घामाने निथळत वर यायची, गुडघे हिरवे करून, आणि माझ्याशी इथल्या इंग्रजीतच भांडायची की आज आंघोळ "कॅन वेट लाह". ओल्या गवताचा, तिच्या घामाचा आणि खालच्या ड्युरियनचा असा मिळून एक वास असायचा. तो मी कुठे ठेवू शकले असते तर ठेवला असता.

जूनच्या सुट्टीत कोफीच्या क्लबचा एक महत्त्वाचा सामना परदेशात होता. समुद्रापलीकडचं एक शहर, त्याचं नाव मी इथे घेत नाही. माझं भांडण शहराशी नाही. क्लबबरोबर घरच्यांना जायची सोय होती. आमा म्हणाली, "चल ना, तू आणि अकुआ. समीर बोटीवरच आहे, तू इथे भिंती बघत बसणार." मी तांजोंग पगारच्या ऑफिसात रजा टाकली. विमानात इरा कोफीशेजारी बसली आणि उतरेपर्यंत त्याला मराठीत आकडे शिकवत होती. तो "पंचवीस"वर अडला होता.

सामन्याच्या दिवशी सकाळी त्याने दार वाजवून विचारलं, "अकुआला समोरच्या दुकानात नेऊ? केळी घेतो, तिला दूध घेतो, आणि लगेच परत." मी होकार दिला. इरा आधीच बूट घालून उभी होती. आमा आणि मी हॉटेलच्या खोलीत चहा करत बसलो.

थोड्या वेळाने दारावर जोरजोरात थापा पडल्या. संघाचा कप्तान हाफिज होता, सिंगापूरचाच मलय मुलगा, एरवी शांत. त्याचा आवाज फुटत होता. "आंटी, खाली चला. पोलीस. लवकर."

मी गाऊनवर, केस मोकळे, तशीच धावले, मागोमाग आमा. रस्त्यापलीकडे दुकानासमोर कोफी फुटपाथवर गुडघ्यांवर बसलेला होता. दोन्ही हात मागे, एका पोलिसाच्या मुठीत पिरगळलेले. केळी रस्त्यावर सांडली होती. त्याच्या अंगावर क्लबचं जॅकेट होतं, पाठीवर त्याचं नाव होतं, गळ्यात स्पर्धेचा फोटो असलेला पास लोंबत होता. आणि दहा पावलांवर दुसऱ्या पोलिसाने इराला दंडाला धरून ठेवलं होतं. ती किंचाळत होती. "ही इज माय कोच! ही इज माय नेबर! लेट हिम गो!" ती हे एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती, आणि तो पोलीस तिच्याशी अतिशय प्रेमाने बोलत होता, "घाबरू नकोस बाळ, आता तू सुरक्षित आहेस."

मी ओरडले, "ती माझी मुलगी आहे!"

त्या क्षणी सगळं बदललं. पोलिसाने इराचा हात सोडला. कोफीला धरलेला अधिकारी माझ्याकडे वळला, मोकळा हात टोपीला लावून अदबीने म्हणाला, "मॅडम, तुम्ही या माणसाला ओळखता?"

"ओळखते. माझा शेजारी आहे. मीच पाठवलं होतं."

"नक्की?"

"नक्की."

कोफीचे हात सुटले. बस, एवढंच. मी त्या अधिकाऱ्याला काहीही दाखवलं नव्हतं. पासपोर्ट वर खोलीत होता. माझं नाव त्याने विचारलं नाही, मी खरंच या मुलीची आई आहे का हे विचारलं नाही. मी त्या देशात कोफीइतकीच परकी होते. कोफीजवळ जॅकेट होतं, पास होता, आणि त्याच्या बाजूने ओरडून सांगणारी मुलगी होती. मी गाऊनमध्ये होते आणि माझं एक वाक्य पुरलं.

अधिकारी आमाला, मला, हाफिजला समजावत राहिला. कोणीतरी फोन केला होता, एक काळा माणूस एका लहान भारतीय मुलीला घेऊन चाललाय. आम्ही मुलीचाच विचार करत होतो, मॅडम. तुम्हीही आई आहात. जॅकेट काय, बाजारात कुठेही मिळतं.

मला आजही त्या वाक्यांना धड उत्तर देता येत नाही, कारण त्यातलं अर्धं खरं आहे. उद्या माझी मुलगी खरंच कोणी ओढून नेत असेल तर कोणीतरी विचारावं असं मलाही वाटेल. हे मी त्याच दुपारी कोफीला बोलून दाखवलं. तो मनगट बर्फात बुडवून बसला होता. तो म्हणाला, "विचारलं त्याचं काही नाही. त्याने विचारलं, मी सांगितलं. तेवढ्यावर पुढचा प्रश्न यायला हवा होता. तो आलाच नाही. त्याने माझा हात धरला." मग तो हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. मी त्याला तसा पहिल्यांदाच पाहत होते. आमा उठून त्याच्या मागे उभी राहिली आणि तिने त्याचं डोकं पोटाशी धरलं.

उजवं मनगट सुजून आलं होतं. बोटं मिटत नव्हती. गोलकीपरची बोटं मिटत नसतील तर तो मैदानावर जात नाही. त्या संध्याकाळी कोफी आमच्याबरोबर प्रेक्षकांत बसला, हात गळ्यात अडकवून. त्याच्या जागी खेळलेला मुलगा भेदरलेला होता. संघ हरला. दुसरा गोल झाला तेव्हा कोफीचा डावा हात आपोआप वर गेला, चेंडू अडवायला, आणि तसाच हवेत राहिला. इरा शेजारी होती. तिने तो हळूच खाली आणला आणि आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

सामन्यानंतर क्लबने जाहीर केलं की गोलकीपर सकाळी पाय घसरून पडला. व्यवस्थापकांनी कोफीला बाजूला घेऊन सांगितलं, पाहुणे म्हणून आलोय, वाढवू नकोस, तुझ्याच भल्याचं आहे. तो ऐकून घेत होता, मान हलवत होता. मला वाटलं, झालं, आता हाही विषय तो हसून संपवणार. बाहेर एका तरुण पत्रकार मुलीने माईक पुढे केला. "पडलात कसे?"

कोफी म्हणाला, "मी घसरलो नाही."

तो एवढ्यावर थांबला नाही. सगळं सांगितलं, हळू आवाजात, कोणालाही शिवी न देता. त्याच्यामागे हाफिज येऊन उभा राहिला. मग एकेक करून बाकीचे खेळाडूही, ओले केस, खांद्यावर टॉवेल.  नुसते उभे राहिले. व्यवस्थापक बसमध्ये जाऊन बसले होते.

परत आल्यावर ड्युरियन ऐन भरात होते. फळवाला हातमोजे घालून सुऱ्याने काटेरी कवचं उकलत होता, लोक रस्त्यावरच्या टेबलांवर बसून बोटांनी गर खात होते, आणि आमच्या मजल्यावर दोन दारं उघडी होती, पण बोलणं हळू झालं होतं. कोफीने त्या शहरातल्या पोलिसांकडे तक्रार केली. साक्षीदार म्हणून मला व्हिडिओवर बोलायला बोलावलं. मी समीरला सांगितलं. बोटीवरून आवाज तुटत तुटत येत होता.

"आपण इथे कामाच्या पासवर राहतोय गं," तो म्हणाला. "उगाच कुठे नाव यायला नको."

"इराला दंडाला धरलं होतं त्यांनी, समीर. आणि सांगत होते की तू सुरक्षित आहेस."

 मग तो म्हणाला, "बोल. जे पाहिलंस ते सगळं बोल."

मी बोलले. कोणी फारसे प्रश्न विचारले नाहीत.

गणपतीत आमच्या ओळखीची मराठी मंडळी जमली. आरती झाली, उकडीचे मोदक झाले, आणि एका वहिनींनी मला स्वयंपाकघरात गाठलं. चांगल्या आहेत, इरा लहान असताना तिला सांभाळायच्या. म्हणाल्या, "कळलं सगळं. वाईटच झालं बाई. पण मला एक सांग, तू तरी मुलीला एकटीला त्याच्याबरोबर पाठवलंसच कसं?"

"तुमच्या मिस्टरांबरोबर पाठवते तशी," मी म्हटलं.

"अगं, ते आपले..."

त्यांनी वाक्य अर्धं सोडलं आणि ताटात आणखी एक मोदक वाढला. मी तो खाल्ला. चव लागली नाही. बाहेर इरा इतर मुलांना अथर्वशीर्षाच्या मध्येच गोलकीपरने कमरेकडे कसं बघायचं ते दाखवत होती.

ड्युरियनचा मोसम गेला. फुटबॉलचा हंगामही संपला. क्लबने कोफीचा करार पुढे वाढवला नाही. खर्च कमी करायचाय, म्हणाले. खरं असेलही. करार गेला की इथे राहायचा पास जातो, आणि पास गेला की आवरायला फार वेळ मिळत नाही, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक असतं. आम्ही त्याबद्दल बोलत नाही इतकंच. आमाने कढई मला दिली. नको नको म्हणत मी घेतली. खालच्या अंकलनी कोफीला कॉफी फुकट पाजली आणि त्या दिवशी त्याला त्याच्या नावाने हाक मारली, नीट, "कोफी." त्यांना कोणी काय सांगितलं होतं मला माहीत नाही.

चांगी विमानतळावर निरोप घेताना आमा म्हणाली, "तुमच्यात जाताना काय म्हणतात?" मी सांगितलं, आमच्यात जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "येते." तिच्या तोंडी तो शब्द इतका सरळ लागला की मला वाटलं ती खरंच येईल, पुढच्या आठवड्यात, सुकटीचा वास घेऊन. त्या संध्याकाळी मी घरी आले आणि समोरचं बंद दार पाहून माझ्या घराचंही लावून घेतलं. वारा यायचा बंद झाला. मग पुन्हा उघडलं.

वर्षभराने, पुन्हा जूनमध्येच, कोफीचा फोन आला. तक्रारीची चौकशी झाली होती. तो अधिकारी माफी मागायला तयार होता, व्हिडिओवर, खासगीत. कोफीने एक अट घातली होती. अकुआ समोर हवी.

"तिला कशाला पुन्हा त्यात?" मी विचारलं.

"कारण त्या दिवशी तिलाही कोणी ऐकलं नाही," कोफी म्हणाला. "पण तिला नको असेल तर नको. तिला विचार."

मी विचारलं. इरा म्हणाली, "ओके."

स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. एका चौकोनात कोफी आणि आमा, आमाच्या मांडीवर त्यांचं तान्हं बाळ. एका चौकोनात तो अधिकारी, टोपी काढून टेबलावर ठेवलेली. टोपीशिवाय तो वयाने लहान दिसत होता. त्याने समोर बघून सांगितलं की त्याची चूक झाली, त्याने घाई केली, कोफीच्या हाताला झालेल्या दुखापतीबद्दल त्याला खेद आहे. पाठ केल्यासारखं होतं, पण शेवटी त्याचा आवाज जरा अडखळला. कोफीने मान हलवली. म्हणाला, "ऐकलं."

मग तो म्हणाला, "अकुआ, तुला काही बोलायचंय?"

इरा इतका वेळ खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. ती पुढे झुकली. "आय वॉज शाउटिंग," ती म्हणाली. "मी पूर्ण वेळ सांगत होते, ही इज माय कोच. यू हर्ड मी, राइट?"

अधिकाऱ्याने टेबलावरची टोपी जराशी सरकवली.

"तुम्हाला ऐकू येत होतं ना?"

"हो," तो म्हणाला. "येत होतं."

"देन हाउ कम यू बिलीव्ह माय मदर ओन्ली?"

तो उत्तर शोधत होता. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते.  शेवटी तो एवढंच म्हणाला, "माझ्याकडे उत्तर नाही." आणि मग, थांबून, "सॉरी, अकुआ." त्याने ते नाव कोफीच्याच तोंडून ऐकलं होतं. त्याला तेच तिचं खरं नाव वाटलं असणार. इराने दुरुस्त केलं नाही.

तो चौकोन विझला. कोफीने चष्मा काढून डोळे पुसले. चष्मा नवीन होता. मला माहीतच नव्हतं त्याला चष्मा लागला ते.

आता तो घानामध्ये एका शाळेत मुलांना गोलकीपिंग शिकवतो. मनगट पूर्ण बरं झालं नाही, पण शिकवायला पुरतं. इरा पंधरा वर्षांची आहे, शाळेच्या संघात आहे, माझ्यापेक्षा उंच आहे. मागच्या आठवड्यात तिने जाहीर केलं की परीक्षा झाल्या की ती घानाला जाणार, एकटी, कोफी अंकल विमानतळावर येणार, सगळं ठरलंय. आमाशी तिचं परस्पर बोलणंही झालं होतं.

काल आमाचा फोन आला. खाली ड्युरियनवाल्याची आरडाओरड चालली होती. मी खिडकी लावून घेतली, तिचा आवाज नीट यावा म्हणून. तिची मुलगी मागे काहीतरी वाजवत होती, पातेली असावीत.

"अकुआ येतेय," ती म्हणाली. "आणि तू?"

मी नेहमीची कारणं सांगायला तोंड उघडलं. रजा, समीरची बोट कधी लागेल याचा भरवसा नाही, तिकिटं. आणि त्यातलं एकही तोंडून निघालं नाही.

"आमा," मी म्हटलं, "मला काही बघायचं नाही तिथे. समुद्र नको, बाजार नको. मला नुसतं तुझ्या स्वयंपाकघरात बसायचंय. तू काहीतरी कर, मी बघत बसेन. बोललंच पाहिजे असं नाही."

पलीकडे पातेली वाजायची थांबली. आमाने मुलीला काहीतरी त्यांच्या भाषेत सांगितलं. मग ती मला म्हणाली, "खुर्ची रिकामी आहे. ये आणि बस."